पोट छोटं करून घेतलं त्याची गोष्ट

मी कोर्टात स्टेनो आहे. दिंडोशीच्या कोर्टात न्यायाधीश सांगतात ते टाइप करायचं, हे माझं काम. साक्षीदार काय म्हणाला, वकिलांनी काय विचारलं, कुणी कशावर हरकत घेतली, सगळं. या कामाला तेज कान आणि पळणारी बोटं लागतात, आणि दोन्ही माझ्याकडे आहेत. त्या वर्षी मात्र डोळे माझं ऐकेनासे झाले होते.

एका दुपारी जागेच्या वादात उलटतपासणी चालली होती. वकिलांनी लांबलचक प्रश्न विचारला. साक्षीदार म्हणजे एक वयस्कर गृहस्थ. ते वर पंख्याकडे बघत आठवायला लागले. आमच्या न्यायाधीश बाई, ज्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणतो, त्या हनुवटीखाली हात घेऊन थांबल्या. सगळं कोर्ट चिडीचूप झालं, आणि त्या शांततेत कुणीतरी घोरलं. साधंसुधं नाही, चांगलं दणदणीत. मी दचकून जागी झाले आणि कोण घोरतंय म्हणून इकडेतिकडे बघायला लागले, तर सगळे माझ्याकडेच बघत होते. माझं बोट कीबोर्डवर तसंच दाबलेलं होतं आणि स्क्रीनवर ओळीच्या ओळी ‘ल’ उमटला होता.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “एवढं रेकॉर्डवर घेऊ नका.”

कोर्ट हसलं. ते साक्षीदारही हसले आणि हसता हसता त्यांना उत्तर आठवलं. मीही हसले. दुसरं करणार काय?

संध्याकाळी मॅडमनी चेंबरमध्ये बोलावलं. मला वाटलं, आता लागली वाट. पण त्यांनी खुर्चीकडे हात केला.

“रात्री झोप होते का तुमची?”

“होते की मॅडम. उशीला डोकं टेकलं की ढाराढूर.”

“माझा भाऊ पण असंच म्हणायचा. ती झोप नसते हो. डॉक्टरांना दाखवा. रजा मी मंजूर करते.”

मी जाडी आहे हे काही मला त्या दिवशी कळलं नव्हतं. शाळेत मला ‘टाकी’ म्हणायचे. वजनकाट्यावर तीन आकडी संख्या दिसायला लागून बरीच वर्षं झाली होती. दुधीचा रस पिऊन झाला होता, कोबीचं सूप झालं होतं, घाटकोपरला आमच्या घराजवळच्या जिममध्ये जाऊन ट्रेडमिलच्या पट्ट्यावरून घसरून झालं होतं. वजन उतरायचंही. पण परत यायचं ते सोबत पाहुणे घेऊन यायचं. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, आणि मेट्रोचा जिना उतरताना गुडघे इतके कुरकुरायचे की पुढचा माणूस मागे वळून बघायचा.

डॉक्टरांनी माझ्या झोपेची तपासणी केली. अंगाला वायरी चिकटवून झोपवतात आणि मशीन सगळं टिपून घेतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी समजावून सांगितलं. झोपेत माझा श्वास मधेच थांबतो, मेंदू घाबरून मला जागं करतो, मी पुन्हा झोपते, आणि रात्रभर हेच चालतं. म्हणून दिवसा डुलक्या. रात्री तोंडावर लावायला एक मशीन मिळालं. ते लावलं की मी अंतराळात निघाल्यासारखी दिसायचे. पण डॉक्टर म्हणाले, “मशीन लावणं हा आधार झाला. मुळात वजन आहे, साखर आहे. तुमचे इतके प्रयत्न करून झालेत, तर पोट लहान करण्याच्या ऑपरेशनबद्दल एकदा सर्जनशी बोला. करायलाच पाहिजे असं नाही. समजून तर घ्या.”

घरी हे सांगितलं तेव्हा माझी मुलगी सोफ्यावरून उठलीच. ती कॉलेजात आहे आणि कुठल्याही गोष्टीवर तिचं मत तयार असतं. “झकास! कर ना आई, विचार काय करतेस?”

नवरा पवईच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. तो म्हणाला, “चालू मशीनमधला पार्ट काढायचा म्हणजे... आधी नीट विचारून घेऊ या.”

आणि स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. हाताला पीठ तसंच.

“तुले येड लागलं का वं? भरल्या घरात भरलं पोट कोनी कापून घेते का?”

आई मूळची बुलढाणा जिल्ह्यातली. लग्न होऊन घाटकोपरच्या टेकडीवरच्या झोपडीत आली, आम्हाला वाढवलं, वडील गेल्यावर माझ्याकडे राहायला आली. मुंबईत इतकी वर्षं काढली, पण बोली तिनं सोडली नाही आणि वाढायचा हातही. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, रविवारी रोडगे आणि वरण. रोडगे म्हणजे कणकेचे जाडजूड गोळे निखाऱ्यावर भाजायचे. आमच्याकडे निखारे नाहीत, म्हणून आई ते गॅसवर जाळी ठेवून भाजते आणि प्रत्येक वेळी गॅसला नावं ठेवते. मी कोर्टातून आले की “कशी हायेस” असं तिनं कधी विचारलं नाही. “जेवली का?” एवढंच. ताटात एक भाकरी संपत आली की दुसरी येऊन पडायची. नको म्हटलं की तिचा चेहरा असा व्हायचा, जसं मी तिच्या हातावरच मारलं.

ऑपरेशनचा विषय निघाल्यापासून ती माझ्याशी चार शब्द कमीच बोलली. पण गप्प बसली नव्हती. पौर्णिमेला विहारात गेली आणि वंदना झाल्यावर तिनं भन्तेजींनाच गाठलं. पोट कापून घेणं धम्माला धरून आहे का, असं विचारलं. तिला वाटलं होतं, ते नाही म्हणतील आणि विषय संपेल. भन्तेजी म्हणाले, “बाई, मी दुपारी बारानंतर जेवतच नाही. पोटाचं मला काय विचारता? डॉक्टरांना विचारा.”

घरी येऊन तिनं हे जसंच्या तसं सांगितलं आणि वर म्हणाली, “चाल मग. मले घेऊन चाल डाक्टरकडे. मीच इचारतो त्याले.”

सर्जन अंधेरीच्या एका हॉस्पिटलात होते. त्यांच्याकडे शनिवारी सकाळी एक बैठक असायची. ऑपरेशनचा विचार करणारे, झालेले, त्यांच्या घरचे, सगळे एका खोलीत. खुर्च्या मोठ्या आणि हात नसलेल्या होत्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण आमच्यासारख्यांना खुर्चीच्या हातांचा फार धाक असतो. त्या खोलीत मी आयुष्यात पहिल्यांदा मध्यम बांध्याची वाटले.

डॉक्टरांनी फळ्यावर आकृती काढली. आपलं जठर एखाद्या फुगलेल्या पिशवीसारखं असतं. एका प्रकारच्या ऑपरेशनमध्ये तिचा मोठा भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची बारीक नळी उरते. दुसऱ्या प्रकारात वर एक छोटी पिशवी करून आतडं तिला वेगळ्या वाटेनं जोडतात. त्यात अन्न कमी जातंच, शिवाय आतड्याचा काही भाग टाळून पुढे जातं. कुणाला कोणतं चालेल ते साखर, ॲसिडिटी, आधीचे आजार बघून ठरतं. काहींना दोन्ही चालत नाहीत. दोन्हीत पोटावर मोठा काप नसतो, बारीक भोकांतून दुर्बिणीनं करतात. धोका कमी असतो, पण असतो. गळती होऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो. आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर.

“ही जादू नाही,” ते म्हणाले. “आम्ही तुम्हाला एक चांगलं हत्यार देतो. चालवायचं तुम्ही.”

मग ऑपरेशन झालेले एकेक जण बोलले. त्यातले एक गृहस्थ मला अजून आठवतात. मुलुंडला त्यांचं फरसाणचं दुकान. ते उभे राहून हसत म्हणाले, “माझं वजन झकास उतरलं होतं. निम्मं परत आणलं. कसं विचारा. एका वेळी मूठभरच खायचो, पण दिवसभर मूठभर खायचो. शेव झाली की चव बघ, पापडी झाली की चव बघ. वरून कोल्ड्रिंक. आता गल्ल्यावर मुलाला बसवलंय आणि मी गोदाम बघतो.” सगळे हसले. पण त्या एका माणसामुळे माझा त्या बैठकीवर विश्वास बसला. सगळे नुसतं छान छान बोलले असते तर मी उठून आले असते.

“कुणाला काही विचारायचंय?” डॉक्टरांनी विचारलं. आईनं हात वर केला.

“साहेब, कापलेलं पोट तुमी कुठी ठेवता?”

“लॅबमध्ये तपासायला पाठवतो आजी. मग त्याची नियमाप्रमाणे विल्हेवाट लावतात.”

“म्हंजे परत बसवता येत नाई.”

“नाही. हे ऑपरेशन मागे घेता येत नाही. म्हणून तर आधी एवढं बोलतोय.”

आईनं मान हलवली. हे उत्तर तिला पटलं असावं. “अन् भूक? लहान पोटाले भूक लागत नाई का?”

“जो भाग काढतो ना, तिथंच भुकेचा संदेश देणारं एक द्रव्य जास्त तयार होतं. तो भाग गेला की भूक खूप कमी होते. काही जणांना सुरुवातीला लागतच नाही.”

“भूकच लागत नाई?”

“अगदी थोडी.”

आई जरा वेळ त्या फळ्यावरच्या आकृतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आमच्या लहानपनी असतं हे आपरेशन, तं आमच्या मायनं आमा सात भावंडायचं करून घेतलं असतं.”

मागं दोघंतिघं हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी हातातला पेन खाली ठेवला आणि म्हणाले, “आजी, तुम्ही आलात ते बरं केलंत.”

परतताना मेट्रोत आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली. आई खिडकीबाहेर बघत बोलायला लागली. मोठ्या दुष्काळात ती वयानं लहान मुलगीच, पण दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथं सुकडी मिळायची, भाजलेल्या पिठाची गोडसर भुकटी. ती निम्मी खायची आणि निम्मी पदरात बांधून धाकट्या भावाला आणायची. एवढं मला ठाऊक होतं. पुढचं नव्हतं.

“संध्याकाळी काई नसलं की माय आमच्या पोटावर ओलं फडकं गुंडाळायची. घट्ट. पोट दबलं की भूक दबते. आमी असेच निजायचो वळीनं.” तिनं हातानं पोटापाशी गाठ मारून दाखवली. “लहान पोट म्हंजे काय ते मले माहीत हाय. म्हनून तुले नाई म्हनत होती.”

माझ्या ताटात पडणारी ती दुसरी भाकरी कुठून येत होती, ते मला त्या गाडीत कळलं.

“पन तू झोपेत श्वास सोडून देतं,” ती म्हणाली. “मले बाजूच्या खोलीत ऐकू येते. तुहा थांबला की माहाबी थांबते. तवा कर तू. पन जेवन मीच बनवीन.”

तपासण्यांचा मग सपाटाच सुरू झाला. रक्त, हृदय, फुफ्फुसं, पोटातली दुर्बीण. समुपदेशक बाईंनी विचारलं, “तुम्ही केव्हा केव्हा खाता?” मी म्हटलं, भूक लागली की. “आणि?” कंटाळा आला की. “आणि?” मॅडम रागावल्या की, मॅडम खूश झाल्या की, निकालपत्र मोठं असलं की, संपलं की. त्या हसल्या. म्हणाल्या, “यातल्या फक्त पहिल्या कारणावर ऑपरेशन आहे. बाकीच्यांसाठी आपण भेटत राहू.” आम्ही खरंच भेटत राहिलो.

माझ्यासाठी केळ्यासारखी नळी उरते ते ऑपरेशन ठरलं. आधी काही दिवस फक्त पातळ, यकृत आक्रसावं म्हणून. ऑपरेशनच्या सकाळी आईनं घरी मेणबत्ती लावून वंदना म्हटली आणि मला म्हणाली, “चाल.” तिनं ‘जेवली का’ विचारलं नाही, कारण मी उपाशी असायलाच हवं होतं. पण तिच्या ओठांवर ते आलेलं मला दिसलं.

शुद्धीवर आले तेव्हा पोट सोडून खांदा दुखत होता. मला वाटलं, चुकीच्या जागी ऑपरेशन केलं की काय. नर्सनं सांगितलं, ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या गॅसमुळे असं होतं, चाललात की जाईल. त्याच दिवशी मला उठवून व्हरांड्यात चालवलं. एका बाजूला नवरा, एका बाजूला सलाइनचा स्टँड. मी इतकी हळू चालत होते की नवरा म्हणाला, “मुलगी चालायला शिकत होती तेव्हा अशीच चालायची, पण तिला तरी घाई होती.” हसले तर टाके ओढले गेले. “हसवू नकोस रे,” म्हणून मी त्याच्यावर ओरडले, तर तेही दुखलं.

पाणी औषधाच्या छोट्या कपातून, घोट घोट. आयुष्यभर तांब्या तोंडाला लावून गटागटा पाणी प्यायलेली मी. एक कप संपवायला इतका वेळ लागायचा की तो संपेपर्यंत पुढच्या कपाची वेळ व्हायची.

घरी आल्यावर आईचे हाल सुरू झाले. माझे नव्हे, तिचे. हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाईंनी लिहून दिल्याप्रमाणे आधी नुसतं पातळ, मग दाटसर, मग मऊ, असं पायरीपायरीनं जायचं होतं. मुगाचं पाणी ती फडक्यातून दोनदा गाळायची आणि वाटीत ओतताना सुस्कारा टाकायची. मी तीन-चार चमचे घेऊन वाटी खाली ठेवायचे. ती वाटीकडे बघायची, माझ्याकडे बघायची, उठून आत जायची. गंमत म्हणजे मला भूक नव्हती. जेवणाची वेळ व्हायची, कुकरची शिट्टी व्हायची, आणि आत काहीच हलायचं नाही. सुरुवातीला मजा वाटली, मग विचित्र वाटायला लागलं. घरातलं कुणीतरी रोज भांडणारं माणूस गावाला गेलं की घर कसं वाटतं, तसं.

एका रविवारी रोडग्यांचा वास आला. मला अजून मऊ खाण्याचीही परवानगी नव्हती. आईनं एका रोडग्याचा इवलासा तुकडा वरणात कुस्करून कुस्करून पार लगदा केला आणि वाटी पुढे धरली. “हे का जेवन हाय? हे तं चाटन हाय.”

मलाही मोह झाला. दोन चमचे घेतले. पहिला गेला. दुसरा छातीच्या मधोमध जाऊन बसला आणि हलेना. तोंडाला पाणी सुटलं, घाम आला, छातीवर कुणीतरी दगड ठेवल्यासारखं झालं. मुलगी घाबरून आहारतज्ज्ञ बाईंना फोन लावायला लागली आणि मी बेसिनकडे धावले. ते बाहेर पडल्यावर बरं वाटलं. तरी आम्ही हॉस्पिटलात जाऊन तपासून घेतलं. सगळं ठीक होतं. आहारतज्ज्ञ बाईंनी मला झापलं, आईला मात्र एक शब्द बोलल्या नाहीत. आई कोपऱ्यात पदराची टोकं चुरगाळत बसली होती.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, “आई, चमचा मी तोंडात घातला. तू नाहीस.”

“पन वाटी माही होती.” मग ती मुलीकडे वळली. “पोरी, त्या डाक्टरीनबाईनं काय काय सांगितलं ते मले मोठ्यानं वाचून दाखव. सगळं.”

मुलीनं वाचलं, आईनं ऐकलं, आणि त्या दिवसापासून घरात दारोगा आला. खाताना पाणी प्यायचं नाही, म्हणून आई जेवणाआधी माझ्यासमोरून पेला उचलून न्यायची. आधी अंडं, डाळ, पनीर, मासे, मग बाकीचं. घास तोंडात गेला की समोर बसून म्हणायची, “चाव. आनखी चाव. झालं का? नाई झालं, चाव.” जन्मभर जी बाई ‘आणखी घे’ म्हणत आली ती आता ‘आणखी चाव’ म्हणत होती. मुलगी म्हणायची, “आज्जी, चिल ना!” आज्जी काही चिल होत नव्हती.

फक्त माझ्या नवऱ्याची वाट लागली. माझ्या ताटातलं उरलेलं टाकवत नाही म्हणून तो संपवायचा. आईच्या वाढायच्या हाताला तर आता तोच एक गिऱ्हाईक उरला होता. माझी कंबर आत जात होती आणि त्याची बाहेर येत होती. एक दिवस त्याची पँट लागेना तेव्हा तो म्हणाला, “हे ऑपरेशन नक्की कुणाचं झालं?” तेव्हापासून तोही माझ्याबरोबर संध्याकाळी फिरायला यायला लागला. आम्ही पवईच्या तळ्याकाठी चालायचो. लग्नानंतर कधी बोललो नव्हतो तेवढं त्या तळ्याकाठी बोललो.

सगळंच हसण्यासारखं होतं असं नाही. मधे केस मूठमूठ गळायला लागले. डॉक्टर म्हणाले, होतं असं, प्रथिनं वाढवा, परत येतील. आले, पण तोवर कंगवा हातात घ्यायची भीती वाटायची. वजन मधेच अडून बसायचं आणि काही केल्या हलायचं नाही. कोर्टात एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात मी एक अख्खी जिलबी खाल्ली आणि थोड्या वेळात छाती धडधडायला लागली, हातपाय गळाले. गोड एकदम आत गेलं की असं होऊ शकतं, हे सांगितलेलं होतं. ऐकलेलं आणि भोगलेलं यात फरक असतो. आणि खरं सांगायचं तर मला खाण्याची आठवण यायची. भुकेची नाही, खाण्याची. पाणीपुरीवाल्यासमोर उभं राहून एकामागून एक पुऱ्या तोंडात टाकायच्या आणि शेवटी सुकी मागायची, हे सुख गेलं. आता मी एक पुरी खाते, उरलेल्या मुलीला देते.

नातेवाइकांनी तर मला जवळपास मारलंच होतं. “शुगर फार वाढली का?” “काही मोठं दुखणं तर नाही ना?” एका लग्नात एक मावशी माझा हात हातात घेऊन डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, “किती आटलीस गं!” आईनं त्यांना तिथंच ऐकवलं, “आटली नाई, आपरेशन केलं. पोट लहान केलं दुर्बिनीनं. काई इचारायचं असन तं मले इचारा.” आणि बसून तिनं त्यांना आकृतीसकट समजावून सांगितलं. पत्रावळीवर बोटानं केळं काढून दाखवलं. ऐकायला पाच-सहा बायका जमल्या.

कोर्टातही लोक विचारतात. एक धिप्पाड वकीलसाहेब आहेत, युक्तिवादात कुणालाच न जुमानणारे. ते एकदा जिन्याजवळ मला गाठून अगदी हळू आवाजात म्हणाले, “जरा बोलायचं होतं. पर्सनल आहे.” मी त्यांना सगळं सांगितलं. खांद्याचं दुखणं, केस, जिलबी, गोळ्या, फरसाणवाले गृहस्थ, सगळं. ते म्हणाले, “म्हणजे करू की नको?” मी म्हटलं, “साहेब, ते मी कशी सांगू? शनिवारी बैठक असते. घरच्यांना घेऊन जा. आणि घरात जो सगळ्यात जास्त विरोध करतोय, त्याला तर नक्की न्या.”

मी आता सडपातळ आहे का? छे. दुकानात अजून मोठ्या मापाचेच कपडे बघते, फक्त आता रंग निवडायची सोय झाली आहे. साखरेच्या गोळ्या कमी झाल्या, कोर्टातल्या डुलक्याही थांबल्या. दंडाखाली कातडी लोंबते. मुलगी तिला पंख म्हणते. आणि भूक थोडी थोडी परत आली आहे. डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं. ती आली त्या दिवशी आईला मी सांगितलं तर ती एवढी खूश झाली की जणू हरवलेलं पोर घरी आलं.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही चौघं मढला गेलो. वर्सोव्याहून होडीनं पलीकडे. आईला होडीत बसायची हौस फार आणि भीतीही फार, त्यामुळे सबंध वेळ तिनं माझ्या नवऱ्याचं मनगट धरून ठेवलं होतं. पलीकडे एका कोळीणबाईंच्या घरगुती खानावळीत जेवलो. मी अर्धा बोंबील आणि दोन चमचे भात खाल्ला. आईनं सगळं ताट साफ केलं, वर सोलकढी दोनदा मागून घेतली आणि त्या बाईंना सांगितलं की तिखट अजून पाहिजे होतं.

मग किनाऱ्यावर गेलो. सिनेमावाल्यांच्या कुठल्यातरी बंगल्यासमोर जनरेटर चालू होता, म्हणून आम्ही जरा लांब जाऊन वाळूत बसकण मारली. ऊन उतरायला लागलं. मुलगी फोटो काढत होती, नवरा आडवा झाला होता. जायची वेळ झाली तशी मुलगी म्हणाली, “शेवटची होडी चुकेल यार, चला ना!”

मी उठले. वाळूत हात न टेकवता, कुणाचा हात न धरता, नुसती उठून उभी राहिले. जमिनीवरून अशी मी शेवटची कधी उठले होते ते मला आठवेना. सांगावं म्हणून मी वळले, तर मुलगी रिक्षा करायची की चालत जायचं यावरून आजीशी वाद घालत होती आणि नवरा वाळूत चष्मा शोधत होता. कुणाचं लक्ष नव्हतं. मी पुन्हा खाली बसले आणि पुन्हा उठले.

“आई, काय करतेयस तू?” मुलगी ओरडली.

“काही नाही गं,” मी म्हटलं. “चल, चालतच जाऊ.”